मोटारहोमच्या बाहेरच्या फिटिंगसाठी सीलंट कोणतं? (व्हेंट, खिडक्या, ऑनिंग रेल, सोलर)

वाटसरू_चाकांवर

नमस्कार मंडळी. जुनी मोटारहोम हाती आली आहे. बाजूंना रंगवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, छत फायबरग्लासचं, कोपऱ्यांवर एबीएस प्लॅस्टिकच्या पट्ट्या. रूफ व्हेंटच्या भोवती आतून पिवळा डाग आहे आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात भिंत बोटाने दाबली की दबते. आधीच्या मालकाने दिसेल त्या फटीवर वरून पांढरं काहीतरी थापून ठेवलंय.

बेत असा: व्हेंट, दोन खिडक्या, ऑनिंगची (बाजूच्या कापडी छपराची) रेल, वरचे मार्कर दिवे आणि पाणी भरायचं झाकण, सगळं उतरवून नव्याने बसवायचं. त्यातच छतावर सोलर पॅनलही लावायचंय. सीलंट शोधायला बसलो तर सिलिकॉन, पॉलियुरेथेन, हायब्रिड, ब्युटाइल, सेल्फ लेव्हलिंग... आणि प्रत्येक नळीवर 'सर्व पृष्ठभागांसाठी उपयुक्त'. एकच चांगलं काहीतरी सांगा ना, ज्यात सगळं उरकेल.

पाना_पकड

एकात उरकणार नाही. पण पाच-सहा नळ्याही लागणार नाहीत.

नळी शेवटी निवडायची. आधी प्रत्येक फिटिंगपाशी उभं राहून दोन गोष्टी ठरवा. ही वस्तू पुढे कधी काढावी लागेल का? आणि ती कशावर बसणार आहे? दिव्याचा बल्ब जातो, व्हेंटचं झाकण उन्हाने तडकतं, खिडकी फुटते. या वस्तू कधीतरी निघणारच. त्यांना चिकटवायचं नसतं. स्क्रू किंवा क्लॅम्प धरून ठेवतात, सीलंटने फक्त पाणी अडवायचं. तिथे न वाळणारं ब्युटाइल, म्हणजे चिकट रबरी पट्टी. सोलर पॅनलचे पाय तुम्ही बिनस्क्रूचे लावणार असाल तर तिथे सगळा भार चिकटपणावर. ते काम अ‍ॅडहेसिव्ह सीलंटचं, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा हायब्रिड.

पीयूवर बसवलेला मार्कर दिवा काढताना दिवा तुटतो आणि पत्र्याचा रंगही सोलून येतो. लोक 'मजबूत पाहिजे' म्हणून सगळीकडे पीयू मारतात, आणि पुढच्या दुरुस्तीला माझ्यासारख्याला पियानोची तार घेऊन कापत बसावं लागतं.

डब्बल_गिअर

उगाच गुंतागुंत करताय राव. माझ्या गाडीला सगळीकडे सिलिकॉन आहे, वर्षानुवर्षं एक थेंब आत नाही. उन्हाने सिलिकॉनला काही होत नाही, थंडीत कडक होत नाही, रबरासारखं ताणतं. बाथरूमला चालतं ते गाडीला का नाही?

रेणूबंध

डब्बल_गिअर यांचं निम्मं अगदी बरोबर आहे. ऊन सोसण्यात सिलिकॉनचा हात बाकीच्यांतलं कुणी धरत नाही. पीयू उघड्यावर पिवळं पडतं, मग पांढरी भुकटी सुटते आणि बारीक भेगा पडतात. सिलिकॉनचं तसं होत नाही.

उरलेलं निम्मं बघू.

बाथरूमचं स्वस्त सिलिकॉन बहुतेक वेळा अ‍ॅसिटॉक्सी जातीचं असतं. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो अ‍ॅसेटिक आम्लाचा, वाळताना ते बाहेर पडतं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड यांना ते खातं. सिलिकॉन वापरायचंच असेल तर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. रंग नाही, पीयू नाही, हायब्रिड नाही, आणि वाळलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. वरवर खरवडून काढलं तरी डोळ्यांना न दिसणारा थर राहतो. म्हणजे आज सिलिकॉन मारलं की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला आधी त्या थराशी झगडावं लागणार. बाथरूमची टाइल हलत नाही, थरथरत नाही, आणि तिथलं सिलिकॉन निघालं तर मागे बहुधा सिमेंट असतं. तुमच्या पत्र्यामागे लाकूड आहे.

सिलिकॉनचीच जागा असते ती हीटरच्या धुराड्याभोवती. तिथे इतकी उष्णता असते की बाकीचे प्रकार टिकत नाहीत. उष्णतेसाठी खास बनवलेलं सिलिकॉनच लागतं.

वाटसरू_चाकांवर

म्हणजे आधीच्या मालकाचं पांढरं थापलेलं जर सिलिकॉन असेल तर? ओळखायचं कसं?

पाना_पकड

नखाने ओढा. रबरबँडसारखी लांब पट्टी सोलून आली आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित तेलकट लागला तर सिलिकॉन. चिवट, घट्ट, सुरीशिवाय सुटत नाही, वरून खडूसारखी भुकटी, तर पीयू. च्युइंगमसारखं बोटाला लागलं तर ब्युटाइल.

सिलिकॉन असेल तर: प्लॅस्टिकच्या पट्टीने जास्तीत जास्त खरवडा, मग सिलिकॉन रिमूव्हर, मग बारीक स्कॉचब्राइट, मग पुसून कोरडं. त्यावर पाण्याचा फवारा मारा. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ. थेंब थेंब होऊन पळालं तर अजून सिलिकॉन आहे, परत घासा. याला घाई चालत नाही. सीलंटच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ जुनं काढण्यात जातो आणि जावाच.

लोखंडी खरवडणी पत्र्यावर फिरवू नका. रंगावर चरा पडला की तिथून अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी खर धरते आणि रंग फुगतो.

चंद्रमौळी

ब्युटाइलवाल्या पक्षाची मी कट्टर कार्यकर्ती, त्यामुळे बसवायची रीत मी सांगते.

पट्टी फ्लॅन्जच्या (फिटिंगच्या बाहेर आलेल्या सपाट कडेच्या) खालच्या बाजूला लावायची, गाडीवर नाही. सुरुवात आणि शेवट खालच्या कडेला एकमेकांवर थोडे चढवून दाबायचे, वरच्या कडेला जोड ठेवायचा नाही. प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवतीही ब्युटाइल हवं. मग स्क्रू समोरासमोरचे जोडीजोडीने आवळत जायचे, आणि सगळ्या बाजूंनी ब्युटाइलची सारखी कड बाहेर आली की थांबायचं. एकदम करकचून आवळलं तर सगळा माल पिळून बाहेर येतो आणि मधे काहीच उरत नाही. ब्युटाइल सावकाश पसरतं, म्हणून एक-दोन दिवसांनी उन्हात गाडी तापल्यावर पुन्हा थोडं आवळायचं. त्यानंतर बाहेर आलेलं प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाकायचं.

थंड हवेत पट्टी ताठ होते. आधी घरात उबेला ठेवा.

ब्युटाइलचा दोषही सांगते, नाहीतर पक्षपात होईल. त्याला ताकद शून्य. उघड्या कडेवर धूळ धरतं, काळं पडतं. आणि मोठी फट भरण्याचं काम त्याचं नाही.

ओलसर_कोपरा

+१. फक्त एक भर. पत्रा सपाट नसेल, म्हणजे उभ्या रेघांचा किंवा दाणेदार असेल, तर पातळ पट्टी खोलगट भागात पोचत नाही. तिथे जाड पट्टी किंवा दुहेरी थर. किंवा नळीतून येणारं न वाळणारं ब्युटाइल मॅस्टिक, सिकालास्टोमर-७१० च्या जातीचं. ते खोबणीत बसतं.

वाटसरू_चाकांवर

खिडक्यांचं काय? अ‍ॅक्रिलिकच्या दुहेरी तावदानाच्या आहेत, आतल्या चौकटीला स्क्रू लावून भिंत दोन्हीकडून पकडतात तशा.

पाना_पकड

मग उत्तर आधीच मिळालंय. क्लॅम्प पकडतो, ब्युटाइल अडवतं. पीयू अजिबात नाही.

रेणूबंध

इथे 'अजिबात नाही'चं कारण फक्त काढण्याची सोय नाही. अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लॅस्टिकमध्ये आधीच ताण अडकलेला असतो, साच्यात घडताना आलेला किंवा स्क्रूने आवळल्याने आलेला. त्यावर चुकीचं सॉल्व्हंट किंवा प्लॅस्टिसायझर लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. लगेच दिसतीलच असं नाही. काही पीयू आणि त्यांचे प्रायमर (सीलंटआधी लावायचे पातळ थर) हे करतात, थिनर आणि अ‍ॅसिटोन तर हमखास. म्हणून तावदानापाशी साफसफाईला सौम्य साबणाचं पाणी, बस. एबीएसच्या कोपऱ्यांना काही चिकटवण्याआधी त्या सीलंटच्या माहितीपत्रकात एबीएसचं नाव आहे का ते बघा. 'प्लॅस्टिक' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका.

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनचं वेगळंच दुखणं. त्यांना खास प्रायमरशिवाय काहीच चिकटत नाही. पाणी भरायच्या झाकणाची चौकट कशाची आहे ते आतल्या बाजूला कोरलेलं सापडेल. पीई किंवा पीपी दिसलं तर चिकटवायचा नाद सोडा, ब्युटाइल आणि स्क्रू.

डब्बल_गिअर

एवढं वाचून गाडी विकावीशी वाटायला लागलीय. (ह. घ्या.)

बरं, हायब्रिड हायब्रिड म्हणतात ते काय प्रकरण? पीयू आणि सिलिकॉनचं मिश्रण?

रेणूबंध

मिश्रण नाही. रेणूची साखळी पॉलिईथरची, टोकांना सिलेन गट. हे गट हवेतल्या बाष्पाशी जुळून जाळं बांधतात. जपानच्या कानेका कंपनीने १९७० च्या दशकाच्या शेवटी एमएस पॉलिमर या नावाने ते बाजारात आणलं, म्हणून अजूनही अनेक नळ्यांवर 'एमएस' दिसतं. फायदे असे: आयसोसायनेट नाही, रंगवता येतं, उन्हात पीयूपेक्षा बरंच बरं, आणि किंचित दमट पृष्ठभागावरही धरतं. कमाल ताकद पाहिजे तिथे अजून पीयूच वरचढ, पण मोटारहोमच्या बहुतेक उघड्या कडांना मी हायब्रिडच निवडेन.

आयसोसायनेटबद्दल: पीयूमधल्या या घटकामुळे दम्यासारखा त्रास आणि त्वचेची अ‍ॅलर्जी होऊ शकते. युरोपियन युनियनमध्ये २४ ऑगस्ट २०२३ पासून, ०.१ टक्क्याहून जास्त मोकळं डायआयसोसायनेट असलेला माल कामावर वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं आहे. घरी काम करणाऱ्यालाही हातमोजे आणि उघडी हवा हवीच.

वाटसरू_चाकांवर

आता सोलर पॅनल. पाय एबीएसचे आहेत, कोपऱ्यांचे. छताला भोकं पाडायची नाहीत. पीयू लावून दाबून बसवले की झालं?

पाना_पकड

'दाबून बसवले' इथेच घोटाळा होतो. पाय घट्ट दाबलात तर मधला थर कागदाएवढा उरतो. थर ३ मिमीच्या आसपास हवा. छोटे रबरी स्पेसर टाका, म्हणजे पिळून बाहेर येणार नाही. नोझलला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून त्रिकोणी रेघ सोडा, गोल वळी नको. त्रिकोणी रेघ दाबली की हवा बाहेर ढकलली जाते. आणि रेघांचं वेटोळं बंद करू नका, नाहीतर मधे हवा अडकते.

चिकटवण्याच्या कामाला सिकाफ्लेक्स-२५२ सारखं जोडणीचं अ‍ॅडहेसिव्ह. २२१ हे मुख्यतः सीलिंगसाठी. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्याच दिसतात, आकडा वाचून घ्या. फायबरग्लासवर घासणी, पुसणी, आणि माहितीपत्रक सांगेल तो प्रायमर. एबीएसच्या बाजूलाही तेच.

रेणूबंध

थर जाड का, तर हिशोब करून बघा. तापमान एक अंशाने वाढलं की एक मीटर अ‍ॅल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन लांबतं, तेवढंच अ‍ॅक्रिलिक सुमारे ७०. एबीएसही त्याच्याच आगेमागे. फरक ४७ मायक्रॉन. पहाटेचा गार पत्रा आणि दुपारी तापलेला पत्रा यांत ५० अंशांचं अंतर धरलं तर मीटरभर पट्टीत २.३ मिमीहून जास्त ओढाताण होते. पट्टी मधोमध स्थिर धरली तरी प्रत्येक टोकाला १.२ मिमीच्या आसपास. पाव मिमीच्या थराला एवढं सरकणं कसं झेपेल? तो एकतर सुटतो नाहीतर फाटतो. ३ मिमीच्या थराला ते सहज जमतं. कोपऱ्यावरच्या लांब एबीएस पट्ट्या नेहमी टोकालाच का गळतात, याचं उत्तर यातच आहे.

वाळण्याबद्दलही. पीयू, हायब्रिड, सिलिकॉन हे सगळे प्रकार हवेतल्या बाष्पाने, बाहेरून आत वाळतात. माहितीपत्रकात '२४ तासांत ३ मिमी' असं काहीतरी असतं. लोक त्याला गुणत जातात, पण आतला वेग मंदावत जातो. दुप्पट खोलीला चौपट वेळ. पत्रा आणि प्लॅस्टिक यांच्यात २५ मिमी रुंद पट्टा अडकला असेल तर बाष्प दोन्ही कडांनीच शिरणार, म्हणजे मध्यापर्यंत १२.५ मिमी. हिशोब अडीच आठवड्यांपर्यंत जातो, कोरड्या थंड हवेत आणखी पुढे. दुसऱ्या दिवशी वरून साय धरलेली दिसते म्हणून हायवेवर काढू नका.

चंद्रमौळी

हे वाचनखूण साठवण्यासारखं.

ओलसर_कोपरा

एक वादाचा मुद्दा टाकतो. दिव्याच्या किंवा खिडकीच्या चौकटीबाहेरून सीलंटची कड ओढताना मी वर आणि दोन्ही बाजूंना ओढतो, खालची बाजू मोकळी ठेवतो. चुकून पाणी मागे शिरलंच तर खालून निघून जाईल. चारी बाजू बंद केल्या तर तेच पाणी आत कोंडून स्क्रूच्या भोकातून लाकडात जातं.

डब्बल_गिअर

आणि चाकांनी उडवलेलं पाणी खालूनच वर येतं त्याचं काय? धावत्या गाडीला पाणी वरूनच येतं असं कुणी सांगितलं?

पाना_पकड

दोघांचं आपापल्या जागी खरं. मागे ब्युटाइलचं पूर्ण कडं असेल तर बाहेरची रेघ नुसती सजावट आणि उन्हापासून आडोसा. अशा ठिकाणी खालची बाजू मोकळी ठेवावी, बाजूच्या दिव्यांना, खिडक्यांना. छताच्या आडव्या वस्तूंना 'खालची बाजू' नसतेच, तिथे पूर्ण बंद. चाकांच्या वरच्या आणि पुढच्या भागात मीही चारी बाजू बंद करतो.

पण मागचं कडं नसताना नुसती बाहेरून रेघ ओढणं, म्हणजे आधीच्या मालकाने केलं ते, कुठल्याच बाजूने बरोबर नाही. गळती थांबल्यासारखी दिसते आणि पाणी दुसरीकडून फिरून आत जातं.

चंद्रमौळी

रूफ व्हेंटवर सेल्फ लेव्हलिंगचं कुणी बोललं नाही अजून. डायकोरची लॅप सीलंट त्या जातीची. फ्लॅन्जखाली ब्युटाइल, स्क्रू आवळून झाल्यावर फ्लॅन्जच्या कडेवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हे ओतायचं, स्वतःच पसरून सपाट होतं. फक्त आडव्या छतावर. उतारावर किंवा उभ्या भिंतीवर ओघळत जातं, तिथे त्याच घराण्यातलं न ओघळणारं घ्यावं.

ते मूळ रबरी छतांसाठी, ईपीडीएम वगैरेंसाठी. वाटसरूंचं छत फायबरग्लासचं, तेव्हा कड झाकायला हायब्रिडही छान चालेल. कुणाचं छत ईपीडीएमचं असेल तर त्यावर पेट्रोलियमचं सॉल्व्हंट लावू नका, रबर फुगतं.

वाटसरू_चाकांवर

आणि तो दबणारा कोपरा? बाहेरून नीट सील केला की आतलं आपोआप वाळेल ना?

ओलसर_कोपरा

नाही वाळणार. ओलं लाकूड बाहेरून बंद केलंत तर ते आत कुजत राहतं. आधी पट्टी काढा, आतून अस्तर उघडा, वारा खेळू द्या, ओलावामापकाने बघत राहा. १५ टक्क्यांच्या आत आलं की बरं, २० च्या वर असेल तर हातच लावू नका. पिठासारखं झालेलं लाकूड तर बदलावंच लागेल. त्यात स्क्रू धरत नाही, आणि स्क्रू धरला नाही तर कुठलंच ब्युटाइल दाबलं जात नाही.

जुनी ढिली भोकं मोठी ड्रिल करून, इपॉक्सीने भरून, वाळल्यावर मधोमध नवं भोक. ऑनिंग रेलला हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेलवर वाऱ्याची ओढ येते, आणि तिथली स्क्रूची रांग म्हणजे पाण्याला लाकडात उतरायला आयती वाट.

आणि गळती खरंच तिथेच आहे का ते तपासा. डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असतं असं नाही, ते आतल्या पट्टीवरून बरंच लांब वाहत येतं. पाइपने पाणी मारायचं तर खालून वर चढत जा, एका वेळी एकच फिटिंग. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. दुसरी रीत: खिडक्या-दारं बंद करून आत ब्लोअरने हवेचा थोडा दाब द्यायचा आणि बाहेरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे आले तिथे वाट.

डब्बल_गिअर

ब्लोअरची युक्ती झकास. माझ्या 'थेंब नसलेल्या' गाडीवरही करून बघतो, मग बोलू.

वाटसरू_चाकांवर

शेवटचं. जमिनीत स्वयंपाकाच्या ओट्याखाली एक जाळीचं भोक आहे, खालून रस्ता दिसतो. फ्रिजमागे भिंतीतही जाळ्या. हेही बंद करून टाकू का? धूळ येते.

पाना_पकड

हात लावू नका!! जमिनीतलं भोक गॅससाठी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळली तर जमिनीवर साचते आणि तिथून बाहेर पडते. फ्रिजमागच्या जाळ्या उष्णता आणि जळालेला वायू बाहेर सोडायला. सीलंटची नळी हातात आली की माणसाला प्रत्येक भोक बुजवावंसं वाटतं. त्यांच्या चौकटीची कड सील करा, जाळी उघडीच. धूळ येते तर बारीक जाळी लावायचाही विचार नको, हवेची वाट तेवढीच राहायला हवी.

वाटसरू_चाकांवर

समजलं, जाळ्या तशाच. तर माझी यादी: ब्युटाइल पट्टी दोन जाडीत, उघड्या कडांना हायब्रिड, सोलरला जोडणीचं पीयू आणि त्याचा प्रायमर. एकाच दिवशी सोलरचं पीयू आणि शेजारच्या व्हेंटची हायब्रिड कड उरकली तर चालेल?

रेणूबंध

एकाच दिवशी नको. हायब्रिड वाळताना थोडं मिथेनॉल, म्हणजे एक अल्कोहोल, सोडतं, आणि अल्कोहोल ओल्या पीयूला वाळूच देत नाही, चिकट लगदा राहतो. पीयू आधी, ते वाळलं की व्हेंट. याच कारणाने पीयूची रेघ गुळगुळीत करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू नका. जागा त्याने पुसली असेल तर पूर्ण उडून जाऊ द्या.

पाना_पकड

आणि नळ्यांवरची तारीख बघून घ्या. पीयूचं आयुष्य साधारण ९ ते १२ महिने, तेही थंड जागी. एकदा फोडलेली पीयूची नळी पुढच्या सुट्टीपर्यंत टिकेल या आशेवर ठेवू नका. नोझलमध्ये स्क्रू खोचून ठेवला तर काही दिवस निघतात, एवढंच. म्हणून सोलरचे चारी पाय आधी टेप लावून, घासून, पुसून, प्रायमर वाळवून तयार ठेवा आणि मगच नळी फोडा. मास्किंग टेप मात्र रेघेवर साय धरायच्या आत ओढून काढा, नंतर ओढलीत तर कड फाटून येते.